मागच्या खोलीतला राउटर

६ सप्टेंबर

लाडक्या ठिणगीस,

मावशीचा पाठीवरून हात.

बुधवारची जीप वर येईल तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडेल. तुमच्या हवामान केंद्रावरचा फोन फक्त अडीअडचणीसाठी असतो हे मला माहीत आहे, आणि माझं काम अडचणीत मोडण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

काम असं. पुढच्या खोलीत इंटरनेटचा जो डबा आहे त्याचा सिग्नल मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि ती हातभर जाडीची भिंत. दारात उभं राहिलं तर एक काडी दिसते, आत पाऊल टाकलं की तीही जाते. मोबाइलचंही तेच रडगाणं. वायर ओढावी तर घरमालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. मला शिवणवर्गाच्या मुलींना मागच्या खोलीत बसून कापणीचे व्हिडिओ दाखवायचे आहेत, त्यामुळे तिथे नीट सिग्नल हवा.

मागच्या सुट्टीत तू कपाटातला जुना राउटर हातात घेऊन म्हणाली होतीस, हा टाकू नकोस, याच्या आतलं सॉफ्टवेअर बदललं तर हा अजून दहा वर्षं राबेल आणि पुढचा सिग्नल मागे पोचवेल. तेव्हा मी हसले होते. आता विचारते, मला जमेल का? यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हात स्थिर आहेत आणि सांगितलेलं तसंच्या तसं करायची सवय आहे. राउटरच्या पोटावरच्या लेबलवर जे जे छापलंय ते वेगळ्या कागदावर उतरवून जोडलंय. गिऱ्हाइकाचं माप घेतल्यासारखं घेतलंय, एक टिंबही सोडलेलं नाही.

तुझे काका बरे आहेत. स्वेटर रोज घालत जा, खुंटीला ऊब लागत नाही.

तुझी,
मावशी


१३ सप्टेंबर

मावशी,

डोंगरावरून वाकून नमस्कार. स्वेटर अंगात आहे, खुंटी रिकामी आहे.

तुझं लेबल वाचून आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, ही बाई आमच्याकडे नोंदी ठेवायला पाठवा. तू खालच्या कोपऱ्यातलं बारीक 'व्हर्जन २' लिहिलंस म्हणून वाचलो. याच मॉडेलच्या व्हर्जन तीनची फाइल त्यात घातली असती तर राउटरचा दगड झाला असता. प्रमुखांनी केंद्राच्या लाइनवरून बरोबर फाइल उतरवून घ्यायची परवानगी दिली. ती सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. त्यांचे आभार मी मानलेत, तू तुझ्या पत्रात एक ओळ टाक, त्यांना बरं वाटेल.

आता आपण काय करतोय ते ऐक. राउटर हा छोटासा कॉम्प्युटरच असतो. त्याने काय करायचं हे सांगणारं जे सॉफ्टवेअर कंपनी आत भरून देते त्याला फर्मवेअर म्हणतात. तुझ्या मॉडेलकडे कंपनीने कधीच पाठ फिरवली. पण जगात काही माणसं आहेत, जी आपापल्या नोकऱ्या सांभाळून अशा टाकून दिलेल्या यंत्रांसाठी नवं फर्मवेअर लिहितात आणि ज्याला हवं त्याला देऊन टाकतात. आपण कंपनीचं काढून यांचं घालायचं.

मी ठेवलेला लॅपटॉप घे. राउटर आणि लॅपटॉप वायरने जोड. वायरशिवाय हे काम करायचं नाही, मधेच तुटतं. राउटरचं पान उघड, पत्ता लेबलवर आहेच. त्यात 'अपग्रेड' म्हणून एक जागा सापडेल. तिथे पेन ड्राइव्हमधली फाइल दाखव आणि बटण दाब. मग पाच मिनिटं काहीही करायचं नाही. प्लग काढायचा नाही, पान बंद करायचं नाही, काय झालं म्हणून हलवून बघायचं नाही. तू शिवणीत घाई करत नाहीस, तशीच इथेही करू नकोस. दिवा स्थिर झाला की पुढचं पान उघडेल. पुढच्या डब्याचा सिग्नल कसा पकडायचा ते मागच्या बाजूला लिहिलंय.

पण मला एक कळलं नाही. काका घरात असताना स्क्रू ड्रायव्हर तुझ्या हातात कसा? ज्या माणसाने चाळीस वर्षं रेडिओ उघडून मिटवले, ज्याच्या दुकानात मी पहिल्याच दिवशी दोन तारा भलत्याच जोडून हे नाव कमावलं, तो माणूस राउटरकडे बघत नुसता बसलाय? आणि तुझ्या प्रत्येक पत्राखाली त्यांची एक ओळ असते. या वेळी नव्हती. पान उलटून पाहिलं, पाकीटही झटकलं.

तुझी,
ठिणगी


२२ सप्टेंबर

ठिणगीस,

मावशीचे आशीर्वाद.

केंद्रप्रमुखांना माझा नमस्कार सांग. परक्या बाईसाठी त्यांनी एवढं केलं, मनापासून आभारी आहे.

तुझ्या पत्रात होतं तसंच केलं. वायर जोडली, पान उघडलं, फाइल दाखवली, बटण दाबलं. निळी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली. पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. मी हात लावला नाही. मग दिवा लुकलुकायला लागला, तो आजतागायत लुकलुकतोय. पान उघडत नाही. प्लग काढून घालून पाहिला, तसाच. माझ्या हातून तो बिघडला असं दिसतंय. तुझी चूक नाही, तू नीटच लिहिलं होतंस.

एवढ्यात काही करू नकोस. मी दुसरी काही सोय बघते.

काकांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून लिहिलं नाही त्यांनी. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मावशी


३० सप्टेंबर

ती. काकांस,

हे पत्र मावशीच्या पाकिटात असलं तरी तुमच्यासाठी आहे.

चष्म्याचं कारण मला पटलेलं नाही. मावशीला खोटं लिहिता येत नाही, तिचं अक्षर आखडतं. तुम्ही माझ्यावर रागावला आहात असं मी समजते, आणि त्याचं कारणही मला माहीत आहे.

गेल्या वर्षी तुम्ही दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवून म्हणालात, घे, आता तू बस. मी म्हटलं, मला हवामान केंद्रावरचं काम मिळालंय. तुम्ही "बरं" म्हणालात आणि किल्ल्या उचलल्या. तीन महिन्यांनी दुकान बंद केलंत आणि टेबल घरी आणलंत. त्यावर आपण दोघं कधीच बोललो नाही. मला वाटलं, वेळ जाईल तसं निवळेल. उलट आता तुमची एक ओळही येईनाशी झाली, आणि माझ्या सांगण्यावरून मावशी राउटर बिघडवून बसली तरी तुम्ही हात लावला नाहीत.

काका, इथे मी वाऱ्याचा वेग मोजणारी, पाऊस मोजणारी, दाब मोजणारी यंत्रं जिवंत ठेवते. एखादं बंद पडलं की सगळ्यांत आधी काय बघायचं, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. ते तुमच्या दुकानात शिकले. मी दुकान नाकारलं, तुम्हाला नाही. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, मी घाबरले.

रागवा हवं तर. पण एक ओळ लिहा.

तुमची,
ठिणगी


८ ऑक्टोबर

ठिणगी,

ते रागावलेले नाहीत. त्यांना बोलता येत नाही.

हे वाक्य दोन महिने माझ्या हातून लिहून होत नव्हतं, आज झालं. आता सगळं क्रमाने सांगते.

नऊ ऑगस्टला सकाळी चहा घेताना त्यांच्या हातून कप पडला. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नुसताच आवाज आला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. अकरा दिवस इस्पितळात काढले. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन घरात फिरतात. उजवा हात कामापुरताही उचलत नाही. आणि शब्द गेले. समजतं जवळजवळ सगळं. कोण आलं, काय बोललं, विनोद कुठे झाला, सगळं. पण 'पाणी' म्हणायचं असेल तर ओठ हलतात, कपाळाला घाम येतो आणि शब्द येत नाही. लिहिण्याचंही तेच. डाव्या हातात पेन्सिल दिली तर रेघा उमटतात.

डॉक्टरांनी एका वाचा-उपचाराच्या बाईंचं नाव दिलं. त्या दुसऱ्या शहरात असतात, आठवड्यातून तीन सकाळी व्हिडिओवर शिकवतात. पहिला तास पुढच्या खोलीत घेतला. माझा वर्ग चालू होता. बाई म्हणाल्या, 'आ' म्हणा. यांनी प्रयत्न केला. मुली बिचाऱ्या चांगल्या आहेत गं, त्यांनी कात्र्या खाली ठेवल्या, मशीनी थांबवल्या आणि माना खाली घातल्या. त्या शांततेतच यांना काय ते कळलं. उठले, काठी घेतली आणि मागच्या खोलीत गेले. त्यानंतर पुढे आले नाहीत. मागे तास घ्यावा तर चित्र अडकतं. बाईंच्या ओठांकडे बघून आवाज काढायचा असतो, आणि नेमके ओठच उघडे राहून थिजतात. कापणीचे व्हिडिओ वगैरे मी रचलेलं होतं.

तुला का नाही कळवलं? तुझी आई गेली तेव्हा तू परीक्षा सोडून घरी बसलीस, तुझं एक वर्ष गेलं. माझ्या बहिणीच्या पोरीचं आणखी एक वर्ष आमच्यापायी जाऊ नये, असं मी ठरवलं होतं. हे मी एकटीने ठरवलं. यांना विचारलंसुद्धा नाही.

काल तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'मी दुकान नाकारलं, तुम्हाला नाही' इथपर्यंत आले आणि त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. त्यावर डावा तळवा ठेवून किती तरी वेळ मान हलवत राहिले, नाही नाही नाही. डोळ्यांतून पाणी. मग माझा हात धरून मला टेबलाशी आणलं, वही पुढे सरकवली आणि तुझ्या पत्त्यावर बोट ठेवलं. म्हणून हे पत्र. हे त्यांनी लिहायला लावलंय असं समज.

मला माफ कर. आणि धावत येऊ नकोस.

मावशी


१६ ऑक्टोबर

मावशी,

परवा फोनवर मी काहीच नीट बोलले नाही. प्रमुखांनी स्वतः नंबर लावून दिला आणि खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. माझी अर्धी मिनिटं रडण्यात गेली. मग तू फोन काकांच्या कानाला लावलास आणि मला फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. मी म्हटलं, काका, मी येते. मग तुझा आवाज आला, "ते मान हलवतायत. नको म्हणतायत." त्यावर मला वाद घालता आला नाही. खरं तर घालायचाही नव्हता, कारण दोन महिन्यांनी का होईना, त्यांना कुणीतरी विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.

माझ्या जागी येणारा माणूस वीस डिसेंबरला पोचेल. त्याच दिवशीच्या जीपने मी निघेन. तोवर मला इथून जे जमतं ते करते.

मी तुझ्यावर चिडले होते, लपवत नाही. दोन दिवस. मग आठवलं की माझं वर्ष गेलं तेव्हा मला पुन्हा परीक्षेला बसवणारी तूच होतीस. रोज सकाळी मशीनवर काम करता करता माझ्याकडून उत्तरं म्हणून घ्यायचीस. तू जे केलंस ते कुठून आलं ते मला माहीत आहे. फक्त यापुढे नको.

आता राउटर. तो मेलेला नाही. दिवा लुकलुकतोय म्हणजे सगळ्यात आतला छोटा भाग जिवंत आहे आणि नवी फाइल मागतोय. ज्यांनी हे फर्मवेअर लिहिलं त्यांनीच ही अवस्था ओळखून वाट ठेवलेली असते. त्यांच्या सूचना मी खाली उतरवल्या आहेत. राउटर आणि लॅपटॉप वायरने जोड. लॅपटॉपला एक ठरलेला पत्ता द्यावा लागतो, तो कुठे आणि कसा टाकायचा त्याचं चित्र काढलंय. मग राउटरच्या मागच्या बारीक भोकातलं बटण टोकदार काहीतरी घालून दाबून धरायचं आणि दाबलेलंच असताना प्लग घालायचा. बटण सोडायचं नाही, तीसपर्यंत मोजायचं. मोठ्याने मोज, मनात मोजलं की माणूस घाई करतो. मग सोडून फाइल पाठवायची.

एकच गोष्ट माझ्याकडून. हे पुढच्या खोलीत करू नकोस. पहिल्या वेळी तू काकांना त्रास नको म्हणून पुढे बसून केलं असणार, मी ओळखते तुला. या वेळी मागे, त्यांच्या टेबलावर, त्यांच्यासमोर कर. पत्र मोठ्याने वाच. बटण दाबायला एक माणूस लागतो आणि प्लग घालायला दुसरा.

ठिणगी


२९ ऑक्टोबर

माझ्या ठिणगीस,

आज कुठून सुरुवात करू तेच समजत नाहीये. रविवारी वर्गाला सुट्टी असते, म्हणून सकाळी मागच्या खोलीत गेले. त्यांचं दुकानातलं टेबल खिडकीखाली आहे. ते घरी आलं तेव्हापासून त्यावर चादर होती, ती काढली. राउटर ठेवला, लॅपटॉप ठेवला, तुझं पत्र स्क्रूच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि म्हटलं, "तुमच्या पोरीने काम पाठवलंय. मला एकटीला जमायचं नाही."

आले. खुर्ची ओढून बसले. मी तुझं पत्र वाचत गेले, ते राउटर हातात फिरवत ऐकत होते. वाचून झालं आणि मी प्लग हातात घेतला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. प्लग काढून घेतला. त्याच्या अंगावरचं बारीक अक्षर भिंगातून पाहिलं. मग राउटर उलटा केला आणि त्याच्या लेबलवरचा आकडा पाहिला. दोन्ही शेजारी ठेवले आणि आधी एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. राउटरवर बारा, प्लगवर नऊ.

ठिणगी, राउटरचा मूळ प्लग कधीच हरवला होता. मी ड्रॉवरमधून एक काळा घेतला होता, त्याची पिन बसली म्हणून. लेबलवरचं टिंबन् टिंब तुला उतरवून पाठवलं, पण त्यातला बारा मला कधी वाचावासा वाटला नाही. कमी विजेवर तो बिचारा अर्ध्यापर्यंत चालत गेला आणि दमून बसला.

त्यांनी डाव्या हाताने खालचा ड्रॉवर उघडून मीटर काढला. त्याच्या दोन काड्या मला धरायला लावल्या, माझी बोटं जिथे हवीत तिथे नेऊन ठेवली. जुन्या प्लगांची पेटी पुढ्यात घेतली. चार नाकारले. पाचव्याला काटा बारावर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ना, ती नजर मी एकतीस वर्षं ओळखते. रेडिओवाल्याशी संसार केलास आणि एवढंही शिकली नाहीस, अशी. ऑगस्टपासून त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी ओशाळायचंसुद्धा विसरले.

बटणाच्या भोकात घालायला मी नाडी ओवायची बोथट सुई दिली. त्यांनी डाव्या हाताने दाबून धरली. मी प्लग घातला आणि तू लिहिलंस तसं मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. बारापर्यंत मी एकटीच होते. तेराला मला वाटलं, न्हाणीघरातला पाइप वाजतोय. चौदाला मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते. "पंधरा." गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज, पण पंधरा, स्पष्ट. मी दचकून गप्प झाले, तर तेही अडखळले. म्हणून मी लगेच पुन्हा सुरू केलं, सोळा, आणि ते बरोबर आले. सतरा, अठरा. दोघांचे आवाज एकमेकांत. त्यांचे डोळे सुईवरच होते, आपण बोलतोय हे त्यांना बहुतेक तेविसाला कळलं. तरी थांबले नाहीत. तीसला सोडायचं होतं. आम्ही चाळीसपर्यंत गेलो. जास्तीचे दहा राउटरने चालवून घेतले.

पुढचं सगळं सुरळीत झालं. फाइल गेली, पाच मिनिटं आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो, आणि हिरवा दिवा लागला तो हलला नाही. पुढच्या डब्याचा पासवर्ड घालताना मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जुळलं. मागच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, तीन काड्या.

मंगळवारी तास झाला. पाऊण तासात चित्र एकदाही थिजलं नाही. मी बाईंना मोजण्याचं सांगितलं. त्यांनी मला समजावलं की मोजणं, वारांची नावं म्हणणं हे लहानपणापासून पाठ असतं, त्याची मेंदूतली वाट वेगळी असते, त्यामुळे बोलणं आलं असं समजून मी हुरळून जाऊ नये. मला थोडं लागलं. मग त्या म्हणाल्या, "पण आवाज आहे, जीभ आहे, श्वास आहे. आता आपल्याला आत शिरायला एक दार सापडलं." दिवसातून तीनदा मोजायला सांगितलंय. काल सोमवार ते रविवार पूर्ण झालं.

जीपवाल्याला, तुमच्या प्रमुखांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मी मनातल्या मनात रोज हात जोडते. पण ज्यांनी हे फर्मवेअर लिहिलं त्यांना कसे जोडू? ते कोण, कुठे राहतात? सोबतच्या चिठ्ठीत त्यांच्यासाठी चार ओळी लिहिल्या आहेत. पोचवता आल्या तर बघ.

तुझी,
मावशी


९ नोव्हेंबर

मावशी, काका,

आता दोघांना एकत्रच लिहिणार.

तुझं पत्र मी वाऱ्याच्या यंत्राखालच्या कट्ट्यावर बसून वाचलं. जीपवाला अजून गेला नव्हता. माझं तोंड बघून त्याला वाटलं वाईट बातमी आहे, त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, माझ्या काकांनी चाळीसपर्यंत मोजलं. त्याला काही कळलं नाही, पण तो माझ्या शेजारी बसला आणि मी त्याला सगळं सांगितलं. केंद्रात गेल्यावर प्रमुखांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, प्लग तपासायला हवा हे आपण लिहायला विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, मावशी. काकांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट, वीज नीट येतेय का ते आधी बघ, आणि मीच ती पत्रात लिहिली नाही. तेव्हा राउटर तू बिघडवला नव्हतास, त्यातला निम्मा वाटा माझा.

तुझ्या चार ओळी पोचल्या. त्या लोकांचा इंटरनेटवर एक फळा आहे, तिथे अडचणी लिहितात आणि उत्तरं देतात. आभार क्वचितच कुणी लिहितं. प्रमुखांच्या परवानगीने मी तुझं सगळं त्यांच्या भाषेत करून तिथे लावलं. काकांचं तेरापासूनचं मोजणंसुद्धा. सहाव्या दिवशी उत्तर आलं. मी ते आपल्या भाषेत उतरवते.

"या मॉडेलचं काम मी एकटाच बघतो. माझ्याकडे असा एकच राउटर उरला आहे. आता कुणी वापरत नसेल असं समजून मी या वर्षी तो यादीतून काढणार होतो. तुमचं पत्र माझ्या बायकोला वाचून दाखवलं. आता काढत नाही. एक कबुली द्यायची आहे. बटण तीसपर्यंत मोजून धरा, ही सूचना मीच लिहिली होती. तीस हा आकडा मी अंदाजाने टाकला, खात्री असावी म्हणून. खरं तर दहा पुरतात."

मावशी, हे वाचून मी तुझं पत्र पुन्हा काढलं. पाइप वाजल्यासारखं वाटलं ते तेराला.

मी त्या माणसाला तेवढंच कळवलं, आकडा बदलू नका.

वीस डिसेंबरची जीप ठरली. काका, टेबलावरची चादर पुन्हा घालू देऊ नका.

तुमची,
ठिणगी


२४ नोव्हेंबर

ठिणगीस,

दोघांचे आशीर्वाद.

त्या भल्या माणसाचं पत्र मी वाचून दाखवलं. यांनी ते घडी करून मीटरच्या डब्यात ठेवलंय. त्या डब्यात ते दुसरं काही ठेवू देत नाहीत.

प्रगती हळू आहे, तुला फसवणार नाही. महिने, वार, मोजणं छान येतं. मनातलं मात्र येत नाही. बाई म्हणतात, वाट पाहू. आम्ही पाहतो. पुढच्या खोलीतल्या मुलींना मी एकदा सगळं नीट सांगितलं. त्यांच्यातल्या एकीने सुचवलं, काकांचा तास चालू असेल तेव्हा आम्ही मशीनी थांबवणार नाही, उलट जोरात चालवू, म्हणजे त्यांना आमची शांतता ऐकू येणार नाही. मला हे सुचलं नव्हतं. आता तासाच्या दिवशी सकाळी सहा मशीनी धडधडतात आणि मागे हे मोकळ्या गळ्याने 'आ' म्हणतात.

आता कालचं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीण बाई आपला जुना राउटर घेऊन आल्या. त्यांच्या मुलाने कुठलंसं पान वाचून फाइल आणून दिली होती, पुढचं कुणाला जमेना. यांनी राउटर हातात घेतला, आधी प्लग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी निमूट मीटर काढून दिला. दुपारभर आम्ही बसलो. मी वाचायचं, त्यांनी खुणेने सांगायचं, लॅपटॉपवर बोटं माझी. फाइल निघाली, निळी पट्टी पुढे सरकायला लागली. मला मधेच आठवलं, संध्याकाळी एक फ्रॉक द्यायचाय आणि इस्त्री राहिलीय. तिथे प्लगपॉइंट एकच. काम झालंच असेल असं समजून, कसलाही विचार न करता, मी भिंतीकडे गेले आणि राउटरच्या प्लगला हात घातला.

"थांब."

मागून आलं. खरखरीत, थोडं रागावलेलं. आकडा नव्हता, वार नव्हता. बाईंनी म्हणून घेतलेलं नव्हतं, मी आधी म्हटलेलं नव्हतं. मी वळून पाहिलं तर ते अर्धवट उठलेले, डावा हात पुढे केलेला, आणि चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य.

इतकी वर्षं हा माणूस मला थांब म्हणाला की मी पुढेच जात आले आहे. दुकानात, बाजारात, भांडणात, सगळीकडे. त्यांना ते पाठ होतं, मलाही.

मी थांबले. प्लगवरचा हात काढला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. पट्टी शेवटापर्यंत जाईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

तुझी,
मावशी